'क्रिएटिव्ह असतो तर इंजिनिअर कशाला झालो असतो?' आणि असे काही चिवट गैरसमज

वारज्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं राहून 'अहो इंजिनिअर!' अशी हाक मारली, तर निम्म्या गॅलऱ्यांतून माना बाहेर येतील. माळवाडी, गणपती माथा, अतुलनगर, पॉप्युलर नगर, कुठेही जा. सकाळी हायवेला हिंजवडी-चाकणकडे निघालेल्यांची गर्दी असते आणि शेजारी कर्वेनगरात १९९१ पासून मुलींसाठीचं कमिन्स कॉलेज आहे. एवढी इंजिनिअर मंडळी जिथे राहतात तिथेच एक वाक्य सर्रास ऐकू येतं: 'क्रिएटिव्ह असतो तर इंजिनिअर कशाला झालो असतो?' म्हणायचं हसत, पण मानायचं मनापासून. मग दहा-पंधरा वर्षांनी 'सीनिअर'च्या पुढे गाडी का सरकत नाही, याचं कोडं पडतं.

'आपला डावा मेंदू चालतो, कलाकारांचा उजवा'

या समजुतीचं मूळ खऱ्या संशोधनात आहे. रॉजर स्पेरी यांनी मेंदूचे दोन्ही भाग जोडणारा तंतूंचा पट्टा शस्त्रक्रियेने कापलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. दोन्ही बाजूंची कामं काही प्रमाणात वेगळी असतात हे त्यातून दिसलं आणि १९८१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण 'काही कामं एका बाजूला जास्त होतात' यावरून 'काही माणसं एकाच बाजूची असतात' असा निष्कर्ष काढला तो बाजाराने. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाने २०१३ मध्ये हजारांहून अधिक जणांच्या मेंदूची स्कॅन तपासली. माणसांची अशी डावी-उजवी विभागणी त्यांत सापडली नाही.

आपल्याकडचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग ओळखण्यात डोळे दगा देतात असं लक्षात आल्यावर ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तेच शिकवू लागले. तिथे बढती डावलली गेली तेव्हा बेळगावला जाऊन सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे नांगर खपायला बराच काळ गेला. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. चित्रासाठी तयार झालेली नजर नांगराचा फाळ आखताना वाया गेली असेल, असं मला वाटत नाही.

'कोड, बजेट, स्पेसिफिकेशन यांत डोकं चालवायला जागाच कुठे आहे?'

हा सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज. याचं उत्तर वारज्यापासून नदीने वर गेलं की सापडतं. पावसाळ्यात खडकवासल्यातून किती क्युसेकचा विसर्ग सुरू झाला याकडे मुठेकाठच्या सगळ्यांचं लक्ष असतं. त्या धरणावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे झालं, ते इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवावं इतकं नेटकं आहे.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजातून, आजच्या सीओईपीतून, इंजिनिअर झाले आणि पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले. म्हणजे सरकारी नोकर. वर साहेब, हातात फायली आणि ठरलेला निधी. खडकवासल्याचा तलाव, त्या काळचा 'लेक फाइफ', पुणे शहर, छावणी आणि कालव्यांना पुरा पडत नव्हता. साठा वाढवायचा तर सरळ उपाय म्हणजे धरण उंच करायचं. पण पाण्याची खोली वाढली की दगडी भिंतीवरचा एकूण जोर खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि भिंत उलथवू पाहणारा परिणाम तर घनाच्या प्रमाणात. जुन्या भिंतीवर चार थर चढवून भागणारं हे काम नव्हे.

विश्वेश्वरय्यांनी पाहिलं ते सांडव्याकडे. दर पुरात पाणी सांडव्याच्या माथ्यावरून काही फूट चढून वाहायचं. म्हणजे ती जास्तीची उंची धरण दरवर्षी पेलतच होतं, फक्त ते पाणी वाहून जात होतं. मग ते अडवून का ठेवू नये? सांडव्यावर दारं बसवली तर जुन्या पूरपातळीपर्यंत, सुमारे ८ फूट जास्त, पाणी साठवता येईल आणि भिंतीला हात लावावा लागणार नाही. अडचण एकच: रात्री-अपरात्री पूर आला आणि दारं वेळेवर उघडली नाहीत तर धरणच जाईल. म्हणून दारं वजनांनी अशी तोललेली की पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की तोल फिरून ती आपोआप उघडतील, पूर ओसरला की आपोआप मिटतील. ना मोटर, ना रखवालदाराच्या झोपेवर भरवसा. १९०३ मध्ये ती बसली आणि त्यांनी या रचनेचं पेटंटही घेतलं. पानशेतच्या १९६१ च्या प्रलयात खडकवासलाही फुटलं आणि नंतर पुन्हा बांधलं गेलं. पण तोवर ही कल्पना ग्वाल्हेरजवळच्या तिघ्रा आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागर धरणांपर्यंत पोचली होती.

यात 'चौकट मोडली' असं कुठेच नाही. 'धरण उंच करायचं नाही' ही अट होती म्हणूनच नजर सांडव्याकडे गेली. निधी मुबलक असता तर कदाचित नवं धरण बांधून सगळे मोकळे झाले असते. कल्पकता हवी म्हणून नियम सैल करा अशी मागणी करणाऱ्या मंडळींनी आधी आपल्या नियमांचं नीट वाचन करावं. त्यांच्या फटीत बऱ्याचदा काम दडलेलं असतं.

'कल्पकता म्हणजे जुगाड'

जुगाडाचं आपल्याला भारी कौतुक. तार बांधली, पट्टी मारली, मशीन सुरू झालं, टाळ्या! आणीबाणीत ते ठीकच. पण जुगाड करणारा सुट्टीवर गेला की जुगाडही सुट्टीवर जातो.

चाकणच्या शॉपफ्लोअरवर 'पोका-योके', म्हणजे चूक होऊच न देणारी किंवा लगेच दाखवणारी रचना, हा शब्द रोज वापरतात. त्याची जन्मकथा पाहा. १९६१ मध्ये शिगेओ शिंगो जपानमधल्या यामादा इलेक्ट्रिकच्या कारखान्यात गेले होते. तिथे एका स्विचच्या बटणांखाली दोन छोट्या स्प्रिंगा बसवायच्या असत. कामगार एखादी विसरे, माल गिऱ्हाइकाकडे जाई आणि तक्रार येई. वरिष्ठांचा उपाय ठरलेला: 'लक्ष देऊन काम करा.' शिंगोंनी सांगितलं, आधी डब्यातून दोन स्प्रिंगा काढून एका छोट्या ताटलीत ठेवा, मग त्या ताटलीतूनच बसवा. जोडणी झाली आणि ताटलीत स्प्रिंग उरली, की चूक तिथल्या तिथे दिसते. खर्च एका ताटलीचा. जुगाडाइतकंच स्वस्त, पण ही ताटली कागदावर उतरवता येते, दुसऱ्या लाइनवर नेता येते, उद्या आलेल्या ट्रेनीलाही वापरता येते. बढतीच्या बाबतीत तर हा फरक निर्णायक असतो. जुगाडू माणूस त्या मशीनला इतका हवाहवासा होतो की त्याला तिथून हलवायला कुणी तयारच होत नाही.

'पहिल्या फटक्यात जमलं नाही म्हणजे कल्पना फसली'

चांदणी चौकातला जुना पूल आठवत असेल. २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर तो पाडण्यासाठी स्फोट झाले, धुरळा बसला आणि पूल पूर्ण पडलेलाच नाही असं दिसलं. अंदाजापेक्षा जास्त पोलाद निघाल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. व्हॉट्सअॅपवर विनोदांचा पाऊस पडला. पण पोकलेन आणि डंपर आधीपासून तयार होते. उरलेला सांगाडा त्यांनी उतरवला. जुन्या बांधकामात आत काय आहे हे ते फोडल्यावरच पुरतं कळतं, आणि त्यासाठी दुसरा उपाय हाताशी ठेवणं हाही डिझाइनचाच भाग. विनोद मात्र चांगले होते.

'सगळ्यांना मीटिंगला बोलावा, कल्पना आपोआप येतील'

नाही येत. येल विद्यापीठात १९५८ मध्येच दिसलं होतं की, एकत्र बसून बोलणाऱ्या गटापेक्षा तेवढीच माणसं एकेकटी विचार करून नंतर याद्या एकत्र करतात तेव्हा जास्त कल्पना मिळतात. एक बोलतो तेव्हा बाकीच्यांच्या डोक्यातलं निसटून जातं. आधी पंधरा मिनिटं गप्प बसून लिहा, मग चहा मागवा.

'असलं काही करायचं तर नोकरी सोडावी लागते'

कधीकधी, हो. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरहून इंजिनिअर होऊन पुण्यात टेल्कोत होते. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून मुलांसाठी मॉडेल करण्याची रीत त्यांनी घडवली. काड्यांचा चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही. पुलाच्या ट्रसचा पहिला धडा दहा वर्षांच्या मुलाच्या बोटांना कळतो. पुढे त्यांनी नोकरी सोडली, आयुकातल्या विज्ञान शोधिकेत बरीच वर्षं काम केलं आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण सुरुवात रजेत झाली होती. आणि विश्वेश्वरय्यांनी तर दारं बसवली ती नोकरीत राहूनच.

'कल्पना माझी, नाव कंपनीचं. मग उपयोग काय?'

पेटंटची मालकी करारानुसार बहुधा कंपनीकडे जाते, हे खरं. पण भारतीय पेटंट कायद्याच्या कलम २८ प्रमाणे शोध लावणाऱ्याचं नाव पेटंटमध्ये नोंदवून घेता येतं. त्याने मालकी मिळत नाही, तरी ते नाव २० वर्षांच्या मुदतीनंतरही नोंदीत राहतं आणि पुढच्या मुलाखतीत कुणालाही शोधून पाहता येतं. आयटीवाल्यांसाठी एक पाचर: निव्वळ संगणक प्रोग्रॅमला, 'प्रोग्रॅम म्हणून', कलम ३(के) खाली पेटंट मिळत नाही. आणि उत्साहाच्या भरात लिंक्डइनवर सगळी रचना मांडू नका. अर्ज करण्याआधी शोध जाहीर झाला तर त्याचं नावीन्य संपू शकतं. घाई असेल तर तात्पुरता तपशील दाखल करून तारीख पक्की करता येते, पूर्ण तपशिलाला त्यानंतर १२ महिने मिळतात.

पेटंटच्या योग्यतेचं नसलेलं कामच अर्थात जास्त असतं. त्यासाठी अप्रेझलचा फॉर्म आहे. 'नवनवीन कल्पना मांडल्या' हे वाक्य मॅनेजरने इतक्यांदा वाचलेलं असतं की ते त्याला दिसतही नाही. त्याऐवजी चार ओळी लिहाव्यात: अडचण काय होती, आधीचा आकडा काय, मी नेमकं काय बदललं, तीन महिन्यांनी आकडा काय. आधीचा आकडा बदल करण्यापूर्वीच टिपून ठेवावा लागतो, नंतर तो कुणालाच आठवत नाही.