स्मृति-क्रम, परिचालन प्रणालीतील

स्मृति-क्रम, परिचालन प्रणालीतील : अनेक प्रक्रियक (प्रोसेसर) एकच स्मृती वापरीत असताना एकाने केलेल्या नोंदी दुसऱ्यास ज्या क्रमाने दिसतात, त्यास स्मृति-क्रम म्हणतात. तो आज्ञावलीतील क्रमासारखाच असेल हे गृहीत धरल्याने परिचालन प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, अत्यंत दुर्बोध दोष शिरतात. सर्व प्रक्रियकांना एकच सुसंगत क्रम दिसावा, ही अपेक्षा लेस्ली लॅमपोर्ट यांनी 1979 मध्ये काटेकोरपणे मांडली; तथापि वेगासाठी कंपायलर व प्रक्रियक दोघेही ती मोडतात.

समजा, एक प्रक्रियक आधी माहिती लिहितो व मग ‘तयार’ असा ध्वज उभारतो. दुसरा ध्वज पाहून माहिती वाचतो. ध्वजाची नोंद आधी दिसली, तर त्याच्या हाती जुनीच माहिती लागते. यावर उपाय म्हणजे स्मृति-अडसर. लिहिणाऱ्याने दोन नोंदींमध्ये व वाचणाऱ्याने दोन वाचनांमध्ये तो घालावा लागतो. एकाच बाजूचा अडसर व्यर्थ होय. केवळ ‘जर’ ही अट घातल्यानेही पुढील वाचन मागे थांबत नाही, हे अनुभवी लेखकांच्याही ध्यानी राहत नाही.

चाचणीवर येथे विसंबता येत नाही. एक्स-86 प्रक्रियकांत सामान्य नोंदींचा परस्परक्रम टिकतो. नोंद व तिच्यानंतरचे अन्य स्थानाचे वाचन यांची मात्र अदलाबदल होऊ शकते. त्यामुळे तेथे वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेली आज्ञावली एआरएम प्रक्रियकावर क्वचित, आणि तेही पुन्हा घडवून दाखविता येणार नाही अशा रीतीने, चुकते. डेक कंपनीचा आल्फा (1992) याहून शिथिल होता : नव्या नोंदीचा पत्ता वाचूनही त्या पत्त्यावर जुना मजकूर सापडे. लिनक्सच्या 4.15 या आवृत्तीपासून (2018) त्यासाठीचा अडसर वाचनाच्या प्रमाण सूत्रातच अंतर्भूत झाला.

म्हणूनच येथे लेखी स्पष्टीकरणास असाधारण महत्त्व आहे. लिनक्समध्ये डेव्हिड हॉवेल्स, पॉल मॅककेनी प्रभृतींचा स्मृति-अडसरांवरील दस्तऐवज 2006 पासून आहे; आपण प्रमाणभूत व्याख्या नव्हे, असे तो स्वतःच बजावतो. 2018 मध्ये त्यास औपचारिक प्रतिमानाची जोड मिळाली. त्याद्वारे लहान नमुना-आज्ञावलीचे सर्व संभाव्य निष्पन्न संगणकाकडून तपासून घेता येतात. संपूर्ण गाभ्यास ही रीत झेपत नाही. प्रत्येक अडसराशेजारी टिप्पणी असावी असा तेथे दंडक असून ती नसल्यास तपासणी-आज्ञावली इशारा देते. टिप्पणीत या अडसराची जोडी कोठे आहे, हे सांगणे इष्ट असते. मात्र ते खरे आहे की नाही, हे त्या आज्ञावलीस कळत नाही.