संगणकावरील शेतनकाशा : आंतील रंग व कडेची रेघ

कृषक वाचकांपैकीं पुष्कळांनीं आतां आपल्या शेताचा आकार संगणकावर, उपग्रहाच्या छायाचित्रावर काढून पाहण्यास आरंभ केला आहे. ही गोष्ट इष्टच होय. परंतु आकारांत गडद रंग भरला, तर जो धुरा पाहावयाचा तोच त्याखालीं झांकला जातो. प्रस्तुत लेखकानें महसुलाच्या कारकुनींत जुने गांवनकाशे ट्रेसिंगच्या कापडावर उतरविलेले पाहिले आहेत. वरची रेघ दिसावी व खालचेंही दिसावें, हाच त्या कापडाचा गुण. संगणकांत तो रंगाची अपारदर्शकता कमी करून साधतो.

२०१५ सालापासून विनामूल्य झालेल्या ‘गूगल अर्थ प्रो’मध्यें शेताच्या नांवावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ व त्यांतील ‘स्टाईल, कलर’ उघडावें. तेथें ‘लाइन्स’ म्हणजे कडेची रेघ व ‘एरिया’ म्हणजे आंतील रंग, अशा दोन जागा आहेत. प्रत्येकीस ‘ओपॅसिटी’चा आंकडा असतो. १०० म्हणजे खालचें कांहींच न दिसणें. ० म्हणजे रंगच न दिसणें. आंतील रंग २० ते ३० ठेवावा; रेघ १०० ठेवून तिची जाडी १ करावी.

‘क्यूजीआयएस’ वापरणारांनीं एक सावधगिरी घ्यावी. तेथें सबंध थराची अपारदर्शकता कमी केली, तर रेघही फिकी पडते. म्हणून ‘सिम्बॉलॉजी’मध्यें जाऊन केवळ ‘फिल कलर’ची कमी करावी. असें केल्यानें दोन शेतांचे आकार एकमेकांवर चढले असल्यास तेवढा पट्टा अधिक गडद दिसतो, व चूक तत्काळ ध्यानांत येते.

रेघेची जाडी क्षुल्लक समजूं नये. नागपुराकडील जुने गांवनकाशे एका मैलास १६ इंच ह्या मापाचे. त्या मापानें छापलेली १ मिलिमीटर रुंद रेघ जमिनीवर सुमारें १३ फूट व्यापते. धुरा ६६० फूट लांब असेल, तर त्या रेघेखालीं सुमारें ८ आर जमीन येते!

एका गांवीं दोन शेजारी असाच एक छापील कागद घेऊन भांडत आले होते. आकार तांबड्या रंगानें पूर्ण भरलेला व रेघ बोटभर जाड. रंग फिका व रेघ बारीक करतांच जुना धुरा, त्यावरील बाभळी व पांधण स्पष्ट दिसूं लागलीं. अतिक्रमण म्हणून जें दिसत होतें, तें रेघेच्या जाडीहून अधिक नव्हतें.

तथापि हेंही विसरूं नये कीं, छायाचित्र मूळ जागेपासून कांहीं मीटर सरकलेलें असूं शकतें, व तें जुनेंही असतें. यास्तव त्याची तारीख पाहावी. हद्दीचा निर्णय अशा नकाशावरून होत नाहीं. संशय उरल्यास भूमि-अभिलेख खात्याकडे मोजणीचा अर्ज करावा; तोंपर्यंत धुऱ्यास नांगर लावूं नये.