पुनर्वाचनातील 'ययाति' : देवयानीच्या निमित्ताने

कुमारवयात मनःपूर्वक आवडलेली कादंबरी प्रौढ वयात पुन्हा वाचावयास घ्यावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता वैयक्तिक आवडीनिवडीचा वाटतो. समीक्षाव्यवहारात त्याची दखल क्वचितच घेतली जाते. कारण समीक्षा ज्या वाचकाला गृहीत धरून चालते त्या वाचकाला सहसा वय नसते. तो रसिक असतो, मर्मज्ञ असतो, पण तो सोळा वर्षांचा आहे की चव्वेचाळीस वर्षांचा, याची विचारपूस कोणी करीत नाही. पौराणिक कथानकावर आधारलेल्या मराठी कादंबरीच्या बाबतीत मात्र ही विचारपूस टाळता येण्यासारखी नाही. वि. स. खांडेकरांची 'ययाति' (1959), शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (1967) आणि रणजित देसाई यांची 'राधेय' (1973) या कादंबऱ्या कुमारांसाठी म्हणून लिहिल्या गेल्या नव्हत्या. तरीही माझ्या पिढीतील अनेकांच्या हाती त्या पडल्या त्या शालान्त परीक्षेनंतरच्या लांबलचक सुट्टीत, आणि प्रेम म्हणजे काय, त्याग म्हणजे काय, अन्याय म्हणजे काय, यांविषयीच्या आमच्या पहिल्यावहिल्या कल्पना याच पुस्तकांतून घडल्या. पुढे महाविद्यालयात शिकविताना या कल्पना अभ्यासाच्या परिभाषेत नीट बसविता आल्या एवढेच. त्या तपासून पाहिल्या गेल्या असे म्हणवत नाही.

प्रस्तुत लेखिकेने 'ययाति' प्रथम वाचली ती 1996 च्या उन्हाळ्यात. प्रत आईची होती. तिने ठिकठिकाणी पेन्सिलीने रेघा ओढलेल्या होत्या आणि त्या जवळजवळ सर्व शर्मिष्ठेच्या निवेदनात होत्या. मला कच आवडला, शर्मिष्ठेसाठी रडू आले, ययातीचा राग आला आणि कीवही आली. देवयानीचा मात्र केवळ रागच आला. हे माझे एकटीचे वाचन नव्हते. आमच्या घरात सासर सोडून परत आलेल्या एका वडीलधाऱ्या नातेवाईक स्त्रीला तिच्या माघारी 'देवयानी' असेच म्हटले जात असे. एखाद्या कादंबरीने घराला एक विशेषण पुरवावे, आणि ते इतके नेमके वाटावे की त्या बाईची बाजू ऐकून घेण्याची कोणाला गरजच वाटू नये, हे त्या कादंबरीचे सामर्थ्य मानावे की आणखी काही, हा प्रश्न त्या वेळी मला पडला नाही.

तो पडला वर्गात. पदव्युत्तर वर्गाला 'ययाति' शिकविताना कचाच्या व्यक्तिरेखेवर मी नेहमीप्रमाणे बोलत होते. यति म्हणजे विरक्तीचा अतिरेक, ययाति म्हणजे उपभोगाचा अतिरेक, आणि या दोन टोकांमधील संयमाचा मार्ग म्हणजे कच, ही मांडणी आपण सर्वच जण करीत आलो आहोत आणि ती कादंबरीच्या आशयसूत्राला धरूनच आहे. एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, पण कच तिथे गेला होता कशासाठी?" उत्तर ठाऊक होते: संजीवनी विद्या मिळविण्यासाठी. पण ते देत असताना माझ्या लक्षात आले, की या प्रश्नाला आणखी एक उत्तर आहे आणि ते महाभारतातच आहे. त्या रात्री मी आदिपर्वातील संभवपर्व काढून बसले.

मूळ आख्यान येथे थोड्या विस्ताराने पाहणे अगत्याचे आहे, कारण सर्व मुद्दा त्यावरच उभा आहे. देव आणि असुर यांच्या युद्धात शुक्राचार्य मेलेल्या असुरांना संजीवनीने उठवितात. देवांचे गुरू बृहस्पती यांना ती विद्या येत नाही. म्हणून देव बृहस्पतिपुत्र कचाकडे जातात. त्यांची सूचना केवळ शुक्राचार्यांचे शिष्यत्व पत्करण्याची नाही. शुक्रांची लाडकी कन्या देवयानी हिला तू आपल्या शीलाने, माधुर्याने आणि वागणुकीने प्रसन्न करून घे, ती प्रसन्न झाली की विद्या तुला मिळेलच, असे ते त्याला स्पष्ट शब्दांत सांगतात. कच त्याप्रमाणे वागतो. तो तिच्यासाठी गातो, नाचतो, वाद्ये वाजवितो, फुले आणि फळे आणून देतो. असुर त्याला तीनदा ठार मारतात. प्रथम त्याचे तुकडे लांडग्यांना घालतात, नंतर त्याचे चूर्ण करून समुद्राच्या पाण्यात मिसळतात, आणि तिसऱ्या वेळी जाळून राख मद्यात कालवून ती खुद्द शुक्राचार्यांनाच पाजतात. तिन्ही वेळा तो जिवंत होतो तो देवयानीने बापाजवळ धरलेल्या हट्टामुळे. विद्या घेऊन तो निघतो तेव्हा ती त्याला विवाहाविषयी विचारते. तो म्हणतो, तू गुरुकन्या आहेस. शिवाय शुक्रांच्या ज्या देहातून तू आलीस त्याच उदरात मीही राहिलो, तेव्हा धर्माने तू माझी बहीण ठरतेस.

या युक्तिवादातील उपरोध सोळाव्या वर्षी ध्यानात येणे कठीण होते. ज्या उदरवासामुळे ती बहीण ठरते, त्या उदरातून तो बाहेर आला तिच्याच विनवणीने. देवयानी संतापून शाप देते की तुझी विद्या तुला फळणार नाही. कच उलट शाप देतो: कोणताही ऋषिपुत्र तुझे पाणिग्रहण करणार नाही. दोन्ही शापांचे वजन सारखे नाही, हेही लक्षात घ्यावयास हवे. कचाची विद्या त्याला स्वतःला फळली नाही तरी तो ती दुसऱ्यास शिकवू शकतो, आणि तसे तो बोलूनही दाखवितो; म्हणजे देवांचे काम अडत नाही. देवयानीला मिळालेला शाप मात्र तिच्या उभ्या आयुष्यावर पसरतो. विहिरीतून हात धरून वर काढणाऱ्या क्षत्रिय राजाशी ब्राह्मणकन्येने स्वतःहून विवाहाची गोष्ट काढावी आणि राजाने वर्णाच्या भयाने कचरावे, या प्रसंगामागे तीच सावली आहे. त्यातच या आख्यानात देवयानीच्या आईचा मागमूस नाही. विचारावयाचे झाले तर ते एका तापट आणि मद्याच्या आहारी गेलेल्या पित्यालाच.

खांडेकरांनी या कथेत जे बदल केले ते त्यांच्या दृष्टीने समर्थनीय होते. 'उल्का' आणि 'दोन ध्रुव' (दोन्ही 1934) लिहिणारा, फडक्यांच्या कलावादासमोर जीवनवादाची बाजू मांडणारा आणि शिरोड्याच्या शाळेत ऐन उमेदीची वर्षे शिक्षक म्हणून घालविणारा हा लेखक 'ययाति' कडे वळला तो पुराणकथा पुन्हा सांगण्यासाठी नव्हे. भोगवादाच्या वाटेने जाणारा आजचा माणूस त्याला ययातीत दिसत होता. म्हणून त्याने मूळ कथेतील सहस्र वर्षांचा उपभोग गाळला. महाभारतात शर्मिष्ठेला द्रुह्यु, अनु आणि पूरु असे तीन पुत्र आहेत, तर देवयानीला यदु आणि तुर्वसु असे दोन. कादंबरीत एकीला पूरु आणि दुसरीला यदु एवढेच राहतात, म्हणजे संघर्ष रेखीव होतो. यतीचा उल्लेख आदिपर्वात जेमतेम येतो, त्याची एक पूर्ण व्यक्तिरेखा उभी राहते. आणि विद्या घेऊन स्वर्गाला गेल्यावर ज्याची गरज मूळ कथेला उरत नाही, तो कच कादंबरीभर वावरतो. मित्र म्हणून, उपदेशक म्हणून, अखेरीस तारणहार म्हणून. 1960 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार, आणि 1974 चे ज्ञानपीठ, जे मराठीला प्रथमच मिळाले, हा सारा मान या पुनर्रचनेला मिळालेला आहे आणि तो अस्थानी होता असे मला वाटत नाही.

परंतु या पुनर्रचनेची किंमत कोणी मोजली, हे पाहावयाचे तर निवेदनतंत्राकडे वळले पाहिजे. कादंबरीत तीन निवेदक आहेत: ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा. तिघेही 'मी' म्हणून बोलतात. कचाला निवेदन नाही. तो आपल्याला दिसतो तो नेहमी दुसऱ्यांच्या डोळ्यांतून, आणि ते दुसरे एक तर त्याच्यावर प्रेम करणारे असतात किंवा त्याच्यापुढे स्वतःला खुजे समजणारे. ज्याला 'मी' म्हणावे लागत नाही त्याच्या मनात काय चालले होते, हे विचारण्याची सोयच राहत नाही. देवांनी आपल्याला एका मुलीला प्रसन्न करण्यासाठी पाठविले होते, हे त्याने स्वतःशी कधी बोलून पाहिले काय? ते बोलण्यासाठी त्याला एक प्रकरण द्यावे लागले असते, आणि त्या प्रकरणानंतर तो आदर्श म्हणून उभा राहिला असता की नाही, याविषयी मला शंका आहे.

देवयानीचे याच्या नेमके उलट झाले आहे. तिला 'मी' मिळाला, पण बचाव मिळाला नाही. ययातीच्या निवेदनात त्याचे बालपण सविस्तर येते. आईच्या दुधाला आपण का मुकलो, बापाच्या मरणाची भीती आपल्या मनात कशी बसली, हे सर्व आपल्याला कळत असल्याने त्याच्या अधःपाताला कारणांची साखळी लाभते. शर्मिष्ठेला तिचे दुःख लाभते. देवयानीच्या निवेदनात मात्र कारणांपेक्षा कबुल्याच अधिक आहेत. तिचा मत्सर, तिचा अहंकार, सूडाचे बेत, सारे ती स्वतःच आपल्या तोंडाने सांगते. आरोपीलाच आपले आरोपपत्र वाचावयास लावावे तसे हे आहे. कुमारवयीन वाचक या कबुल्यांवर विश्वास ठेवतो, कारण 'मी' म्हणून बोलणारा माणूस खोटे बोलत नाही अशी त्या वयात आपली समजूत असते. तो 'मी' लेखकाने बेतलेला आहे हे कळावयास वय लागते, क्वचित पीएच.डी. देखील पुरत नाही.

एक जागा मात्र अशी आहे, की जिथे खांडेकरांच्या प्रतिभेने त्यांच्या योजनेला मागे टाकले आहे. पतीच्या मद्याच्या वासाने देवयानीला येणारी किळस. पहिल्या वाचनात हा मला तिच्या सोवळेपणाचा आणि रूक्षपणाचा पुरावा वाटला होता. आता त्यामागे तिचा पिता दिसतो. मद्याच्या धुंदीत शुक्राचार्यांनी कचाची राख प्याली आणि शुद्धीवर आल्यावर सुरापान करणाऱ्या ब्राह्मणांना शाप दिला, ही महाभारतातील घटना आहे. खाडिलकरांचे 'विद्याहरण' (1913) तिच्यावरच बेतलेले आहे. ज्या घरात मद्याने एकदा एवढा अनर्थ घडविला त्या घरातील मुलगी विवाहानंतर त्या वासाने शहारली, तर तो तिचा दोष कसा? खांडेकरांनी धागा ठेवला आहे. आम्ही वाचकांनी तो उचलला नाही, कारण तोवर ती कोण हे आमचे ठरून गेले होते.

'मृत्युंजय' च्या पुनर्वाचनातही असाच अडखळण्याचा प्रसंग येतो, त्याचा केवळ निर्देश करते. कर्णाच्या अन्यायाने आम्ही इतके भारावलो होतो, की द्यूतसभेत त्याने द्रौपदीविषयी काढलेले उद्गार आम्ही घाईने ओलांडून पुढे गेलो. इरावती कर्वे यांचे 'युगान्त' त्याच वर्षी, म्हणजे 1967 मध्ये, प्रसिद्ध झाले होते आणि त्यातील कर्ण मुळीच भारावून टाकणारा नाही. दोन्ही पुस्तके एकाच ग्रंथालयात होती. सोळाव्या वर्षी आपण कोणते उचलतो हे उघड आहे.

ययातीच्या कथेत वगळले गेलेले कोण, हा प्रश्न इतरांनाही पडलेला दिसतो. गिरीश कार्नाडांच्या 'ययाति' (1961) या कन्नड नाटकात पूरूची पत्नी चित्रलेखा येते. पतीने पित्याचे वार्धक्य घेतले ते तिला न विचारता, आणि ती विष घेऊन मरते. हे नाटक लिहिणारा लेखक तेव्हा विशीच्या आरंभी होता, खांडेकर 'ययाति' प्रसिद्ध झाली तेव्हा 61 वर्षांचे होते. वडिलांनी मुलाचे तारुण्य मागण्याची ही कथा दोघांनी आपापल्या वयाच्या बाजूने लिहिली, असे म्हणण्याचा मोह होतो. तो थोडा आवरावयास हवा, कारण खांडेकर काही ययातीची बाजू घेत नाहीत. तथापि पूरूचा त्याग त्यांना निर्भेळ उदात्त वाटतो, आणि 'ययाति' च्या पहिल्या वाचनात आम्हां मुलामुलींनाही तो तसाच वाटला होता, ही गोष्ट आज मला अधिक विचार करावयास लावते. आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही, की हे मागणे आपल्याकडेच केलेले आहे.

या पुनर्वाचनानंतर 'ययाति' मला नावडती झाली काय, असे विद्यार्थी विचारतात. नाही. शर्मिष्ठा तान्ह्या पूरूला घेऊन राजवाड्यातून निघते तो भाग अजूनही एका बैठकीत वाचला जातो आणि डोळे पूर्वीइतकेच भरून येतात. फक्त आता तिथून पाने उलटून मी देवयानीच्या निवेदनाकडे परत येते. आईच्या प्रतीत त्या पानांवर पेन्सिलीची एकही रेघ नाही. आमच्या घरातील ती वडीलधारी बाई आता हयात नाही. तिने ही कादंबरी वाचली होती की नाही, आणि आपल्याला मागे काय म्हणतात हे तिला ठाऊक होते की नाही, हे मी तिला कधी विचारले नाही. यंदापासून वर्गात कादंबरीपूर्वी आदिपर्वातील कच-देवयानी आख्यान वाचावयास देते आहे, आणि पहिला स्वाध्याय म्हणून कचाचे निवेदन लिहावयास सांगितले आहे. आलेल्या वह्यांपैकी निम्म्या वह्यांत कच देवांकडून निरोप घेतानाच थांबला आहे. पुढे काय लिहावे ते सुचले नाही, असे विद्यार्थ्यांचे म्हणणे आहे.