तणाव उतू जाण्याआधी...

दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं की, आपण बोलत कुणाशीही असलो तरी एक डोळा तिकडे असतोच. साय हलायला लागली की हात आपोआप पुढे जातो. वस्तीवस्तीतल्या मनांतही असंच काहीतरी तापत असतं, मैत्रिणींनो. पण तिकडे आपलं लक्ष जातं ते उतू गेल्यावरच!

हे तापणं मोजता येतं का? लेबनॉनमध्ये ते मोजलं गेलं. हा देश जेमतेम आपल्या सातारा जिल्ह्याएवढा. शेजारच्या सीरियात २०११ साली युद्ध पेटलं आणि काही वर्षांतच दहा लाखांहून अधिक निर्वासित तिथे आले. घरं, पाणी, मजुरी, साऱ्यावरच ताण! २०१७ पासून संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने ठराविक काळाने तिथल्या हजारो लोकांना विचारलं, "तुमचं आणि त्यांचं कशावरून बिनसतं?" मुख्य उत्तर निघालं, हातावरच्या कामांसाठीची चढाओढ. रोग कळला की औषध नेमकं देता येतं. मदत नुसती निर्वासितांना न देता त्यांना आसरा देणाऱ्या गावांनाही पोचवायची, असं धोरण तिथे त्याआधीच आलं होतं.

इतक्या लांब कशाला? आपली भिवंडीच घ्या ना. यंत्रमागांचं हे गाव १९७० आणि १९८४ साली दंगलीत होरपळलं. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची, त्याच गल्लीत राहणारी साधी माणसं आणि त्यांच्यासोबत पोलीस. दंगल नसतानाही हे लोक भेटत. नळाचं पाणी, भोंग्याचा आवाज, मुलींची छेडछाड, असे रोजचेच विषय निघत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, पण भिवंडी शांत राहिली. ओळख आधीपासून होती, म्हणून अफवा आली तेव्हा खरंखोटं विचारायला माणूस होता!

आम्ही विश्रामबागची माणसं सांगली आणि मिरज यांच्या मधोमध राहतो. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं, ते ऐकायला सगळे एकत्र बसतात. त्याच मिरजेत २००९ च्या गणेशोत्सवात दंगल झाली आणि संचारबंदी लागली. म्हणजे वर्षातून एकदा एकत्र बसणं पुरत नाही, रोजचं येणंजाणं लागतं. भांडण कचेरीत जाण्याआधी गावातच मिटावं म्हणून २००७ साली राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ती सुरू करणारे गृहमंत्री आर. आर. पाटील आपल्याच तासगावचे!

आता तुम्ही म्हणाल, "आम्ही बायका यात काय करणार?" पुष्कळ काही!

१. खुणा ओळखा. मुलं एकत्र खेळेनाशी झाली, एखाद्या दुकानी जाणं लोकांनी टाळलं, सणाचं ताट पलीकडे जाईनासं झालं, की समजा साय हलते आहे.

२. फोनवर काही भडक आलं तर पुढे धाडण्याआधी एकच प्रश्न विचारा, "हे तुम्ही स्वतः पाहिलंत का?"

३. 'ते लोक' म्हणू नका. नाव घ्या. मुलं आपलीच भाषा उचलतात; वर्गात मला हे रोज ऐकू येतं.

४. कुरबूर पाण्याची असेल तर ती पाण्याचीच राहू द्या, जातीधर्माची होऊ देऊ नका. दोन्हीकडच्या चौघीजणी मिळून नगरसेवकाकडे जा.

५. हळदीकुंकू, भिशी, शिवणाचा वर्ग, जे काही चालवाल त्यात पलीकडच्या गल्लीतल्या दोघींना आवर्जून बोलवा.

संचारबंदीत दूध मिळत नाही, औषध मिळत नाही, परीक्षा पुढे ढकलली जाते आणि घर सांभाळायचं ते आपणच. मग आच वेळीच कमी करायला आपणच नको का पुढे व्हायला?