चौकोनी गळा आणि बाहुलीची खिडकी

बाहुलीच्या घराला वॉलपेपर लावायचा, त्यात काय मोठंसं? कागद कापायचा, फेविकॉल लावायचा, चिकटवायचा. मुलांच्या वह्यांना कव्हरं घालून घालून आपले हात तयार झालेलेच असतात. मैत्रिणींनो, भिंत सरळसोट असेल तर हे अगदी खरं आहे. पण घर म्हटलं की खिडक्या आल्या, दारं आली. आमच्या बचत गटाची एक अख्खी ऑर्डर तीन इंची खिडकीच्या कोपऱ्यांवर अडकली होती, असं सांगितलं तर हसाल तुम्ही.

आमचं गाव कोकणातलं, तालुक्याचं. गटातल्या अकरा जणी आधी पापड, लोणची, आगळ करायच्या. तो माल सगळेच गट करतात, त्यामुळे खपाची मारामार. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी भातुकली आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. ती पाहून एकीच्या मनात आलं, या भातुकलीला घर का नको? तिचे यजमान सुतारकाम करतात. त्यांनी प्लायवूडचं घर करून दिलं. खाली दोन खोल्या, वर दोन, आणि पुढची भिंत कपाटाच्या दारासारखी बिजागरीवर उघडणारी. पुण्यातल्या एका खेळण्यांच्या दुकानदाराने नमुना पाहून पंधरा घरं सांगितली. अट एकच, आतून वॉलपेपर हवा.

वॉलपेपर! आमच्याकडे भिंतीला चुना नाहीतर डिस्टेंपर. चार महिने पाऊस कोसळतो तिथं भिंतीला कागद लावण्याचं कुणाच्या डोक्यात येणार? पण गिऱ्हाइकाला हवा तर हवा.

माप आम्ही जगभर चालतं तेच धरलं होतं. एक फुटाला एक इंच. म्हणजे दहा फुटी खोली दहा इंचांची, सात फुटी दार सात इंचांचं. ज्यांनी नवी दिल्ली आखली, त्या एडविन लट्यन्स यांनी १९२१ ते १९२४ या काळात इंग्लंडच्या राणी मेरीसाठी एक बाहुलीघर उभारलं होतं. तेही याच मापाचं. त्यात नळाला पाणी येतं, दिवे लागतात, लिफ्टसुद्धा चालते. विंडसरच्या किल्ल्यात ते आजही पाहायला मिळतं. हे मी गटात सांगितलं तेव्हा एक काकू म्हणाल्या, ‘‘बाहुलीच्या नळाला पाणी येतंय, आमच्या नळाला कधी येणार ते विचारा त्यांना!’’

तर हे माप कागदालाही लागू असतं. मोठाल्या फुलांचा गिफ्टपेपर लावला तर बाहुलीच्या भिंतीवर तीन-तीन फुटांचे गुलाब फुलतात. बारीक बुट्टीचा कागदच हवा. आम्हाला तो छापखान्यात मिळाला, लग्नपत्रिकेच्या पाकिटांना आतून लावतात तो.

पहिली पंधरा घरं जूनच्या सुरुवातीला गेली. जुलैत सहा परत आली. सगळ्यांना एकच दुखणं. भिंती ठीक, पण खिडक्या-दारांभोवतीचा कागद सुटलेला, कडा वळलेल्या, कोपऱ्यात तिरक्या चिरा. बाकीची ठेवून घेतली हे नशीब. पण पैसे मात्र सहा घरं नीट करून दिल्यावरच मिळणार होते. प्लायसाठी गटाच्या खात्यातून पैसे उचललेले, त्याचा हप्ता डोक्यावर. दोघी तर म्हणाल्या, पापडच बरे होते.

घरं मांडून बसलो तेव्हा कारण हळूहळू लक्षात आलं. बायकांनी खिडकीचं माप घेऊन कागदाला आधी चौकोन कापला होता आणि मग कागद चिकटवला होता. वाटायला हे अगदी बरोबर वाटतं. पण फेविकॉलचं पाणी लागलं की कागद फुगतो, पसरतो. कापलेला चौकोन जागेवरून सरकतो, एका बाजूला प्लाय उघडं पडतं, दुसऱ्या बाजूला कागद खिडकीत येतो. मग ओढाओढ होते आणि ओला कागद पहिला कोपऱ्यात फाटतो. शिवाय खिडकीच्या चौकटी आधीच ठोकलेल्या. कागदाची कड चौकटीला नुसती टेकलेली, तिला धरून ठेवायला काही नाही. पावसाळी हवेत ती उचलणारच.

यावर तोड काढली ती ब्लाऊज शिवणाऱ्या वहिनींनी. त्या घर हातात घेऊन बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘‘अगं, हा तर चौकोनी गळा आहे. गळा आधी कापून पट्टी लावली तर तो ताणला जातो. मी पट्टी आधी शिवते, मग गळा कापते, कोपऱ्याला थेट टाक्यापर्यंत कात्री मारते आणि पट्टी आत उलटते.’’ सगळ्या गप्प. शिवण येत नाही अशी आमच्यात एकही नव्हती.

त्या दिवसापासून आम्ही असं करतो. चौकटी काढून ठेवायच्या. प्लायला पाणी घातलेल्या फेविकॉलचा एक पातळ हात देऊन वाळवायचं, नाहीतर कोरडं लाकूड सगळा गोंद पिऊन टाकतं. मग गोंद भिंतीला लावायचा, कागदाला नाही. म्हणजे खिडकीच्या पोकळीवर येणारा कागद कोरडाच राहतो आणि लोंबत नाही. कागद अख्खा, खिडकी-दार झाकून चिकटवायचा. जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे हवा काढत जायचं. आणि मग हात आवरायचा. रात्रभर वाळू द्यायचं. ज्यांना धीर नाही त्यांनी इथं स्वयंपाकघरात निघून जावं, घराजवळ बसू नये.

दुसऱ्या दिवशी बाहेरच्या बाजूने पोकळीच्या चारही कोपऱ्यांत टाचणीने भोक पाडायचं. ती भोकं आतून दिसतात. नवं ब्लेड घालून कटरने एका भोकापासून समोरच्या भोकापर्यंत तिरका छेद, मग दुसरा. फुलीच होते. चार पाकळ्या सुटतात. त्या प्लायच्या जाडीवरून बाहेर दुमडून चिकटवायच्या आणि बाहेर डोकावणारा कागद कापून टाकायचा. छेद कोपऱ्याच्या सुतभर अलीकडे थांबला तर चुणी पडते, सुतभर पुढे गेला तर लाकूड दिसतं. पण दिसलं तरी घाबरायचं नाही, आता चौकट वरून बसते. आइस्क्रीमच्या काड्यांची का असेना, ती कागदाची कड दाबून धरते आणि चूकही झाकते.

दाराला खाली उंबऱ्याकडे पाकळी नसते. वरच्या दोन कोपऱ्यांतून तिरके छेद घ्यायचे, ते जिथं मिळतात तिथून सरळ खाली यायचं. कागद अपुरा पडला तर जोड दाराच्या वरच घ्यावा. तिथं भिंत तीनच इंच, जोडही तेवढाच. उघडणाऱ्या पुढच्या भिंतीचा कागद कडेपासून दोन सूत आत थांबवायचा, नाहीतर उघडझाप करताना तोच पहिला घासून निघतो. आणि खळीचा मोह नको. किडीसाठी आपण खळीत मोरचूद घालतो, ते विष. मुलं हे घर चाटूनही बघतात.

हे सगळं जमलं, पण वेळ फार जायला लागला. एका खिडकीला अर्धा तास धरला तरी पाच खिडक्यांचे अडीच तास, सहा घरांचे पंधरा. त्यात गणपती तोंडावर. गटातली सगळ्यात लहान सून हिशेबाला पक्की. तिने सुचवलं, ‘‘स्वयंपाकघराची मागची खिडकी बुजवून टाकू या का? वरून अख्खा कागद लावायचा. गॅस-ओट्याचं चित्र येतं तिथं, कोण बघतंय?’’

खरं सांगायचं तर हिशेब चोख होता. तीन तास वाचत होते. दोघी-तिघींनी माना डोलावल्या.

आमच्यात एक मावशी आहेत, सत्तरीच्या. त्यांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, बारीक काम त्या करत नाहीत. काड्या घासून देतात. त्या म्हणाल्या, ‘‘चाळीस वर्षं मी बिनखिडकीच्या खोलीत चूल फुंकली. धूर जायला कौल सरकवायचं, पावसात तेही बंद. तेव्हा घर बांधणाऱ्या पुरुषांनी हेच म्हटलं असेल, मागच्या बाजूला कोण बघतंय. आता आपणच बांधतोय ना घर?’’

कुणी काही बोललं नाही. लहान सुनेनेच ते घर पुढ्यात ओढलं आणि टाचणी मागितली. इतकंच नाही, आता नव्या घरांसाठी सुतारदादांना निरोप गेलाय, की स्वयंपाकघराची खिडकी दोन इंचांची आहे ती तीन इंचांची करा. त्यांनी कुरकुर केली. ऐकावं लागलं.

सहापैकी पाच घरं दुकानदाराने घेतली, हप्ता वेळेवर गेला. किंमत मात्र वाढवून मागितली ती अजून मान्य नाही, बोलणं चालू आहे. सहाव्या घराच्या कागदावर फेविकॉलचे डाग पडले होते, ते आम्ही आमच्या वस्तीतल्या बालवाडीला दिलं. तिथली पोरं बाहुल्यांना दारातून आत नेतच नाहीत. सगळ्या जणी स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत-बाहेर. महिनाभरात त्या खिडकीची खालची कड काळी पडली, कागद झिजला. म्हणून आता खालच्या पाकळीवर आम्ही पातळ सुती फीत चिकटवतो आणि वरून पारदर्शक वॉर्निशचा एक हात देतो. फीत परकराच्या नाडीचीही चालते, फक्त आधी धुऊन घ्या, नाहीतर रंग सोडते.