मेलेल्या पेशी उचलतं कोण?

पावसाळा लागला की जुन्नर-आंबेगावच्या टोमॅटोच्या, उसाच्या रानांतून कुणाला तरी पान लागल्याच्या, म्हणजे साप चावल्याच्या, बातम्या येऊ लागतात. नारायणगावात डॉ. सदानंद राऊत वर्षानुवर्षं अशा रुग्णांवर उपचार करत आले आहेत. मण्यार चावली तर जागा फारशी सुजतही नाही. तिचं विष थेट मज्जासंस्थेवर जातं. नाग किंवा घोणस चावली की पाय टरटरून सुजतो, फोड येतात, काहींची कातडी काळी पडते. काळं दिसतं ते पेशींचं मढं. ते जागच्या जागी पडून राहतं, ही खरी अडचण.

एरवी अंगात पेशी मेल्याचं आपल्याला कळतही नाही. तांबड्या पेशी जेमतेम 120 दिवस जगतात. दर सेकंदाला सुमारे 20 लाख निकालात निघतात. तरी ना सूज, ना पू. म्हातारी पेशी प्लीहेतली भक्षक पेशी अख्खी गिळते. तिच्यातलं लोह नव्या रक्ताला जातं, उरलेल्या रंगद्रव्याचं बिलिरुबिन होऊन पित्तावाटे बाहेर पडतं. इतर पेशी मरायच्या आधी आवराआवर करतात: आक्रसतात, स्वतःचा डीएनए तोडतात, पटलात गुंडाळलेल्या पुड्या होऊन सुटतात. पटलाच्या आतल्या अंगाला असणारा फॉस्फॅटिडिलसेरीन हा स्निग्ध रेणू बाहेर येतो. भक्षक पेशीला तेवढी खूण पुरते. सी. एलेगन्स या मिलिमीटरभर कृमीत भक्षक पेशीच नाहीत. तिथे वाढीच्या काळात ठरवून मरणाऱ्या 131 पेशी शेजारणीच गिळून टाकतात!

विष ही सवड देत नाही. घोणशीच्या विषातली काही विकरं पेशीचं पटलच फोडतात, काही बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कुरतडतात. आतला ऐवज बाहेर सांडतो, शेजारच्या धडधाकट पेशीही होरपळतात. रक्तच पोचत नाही तिथे भक्षक पेशी कुठून पोचणार? मग मेलेली कातडी शस्त्रक्रियेनं काढावी लागते. प्रतिविष रक्तातलं विष निकामी करतं, मेलेलं मांस जिवंत करत नाही. म्हणून उशीर महागात पडतो.

सुतळी करकचून बांधायची खोड अजून जात नाही. तिनं उरलासुरला रक्तपुरवठाही तुटतो आणि वाचू शकल्या असत्या त्या पेशीही मरतात. पाय न हलवता माणसाला सरळ दवाखान्यात न्यावं. साप मारून पिशवीत घालून आणायचीही गरज नाही. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरही चालतं.