यंत्रांचे स्वास्थ्यरक्षण : औषधशाळेतील देखभालीचा विचार

कालमृत्यू आणि अकालमृत्यू यांतील भेद समजावून सांगताना भगवान आत्रेयांनी गाडीच्या आसाचा दृष्टांत दिला आहे (चरकसंहिता, विमानस्थान, अध्याय ३). उत्तम गुणांचा आस नीट वापरला तर आपल्या प्रमाणाप्रमाणे झिजून योग्य काळी संपतो. तोच आस अतिभाराने, खडबडीत वाटेने, चाक मोडल्याने, हाकणाऱ्याच्या किंवा ओढणाऱ्या जनावराच्या दोषाने, खीळ निसटल्याने अथवा वंगण न मिळाल्याने मध्येच मोडतो. माणसाचे आयुष्य कळावे म्हणून आचार्यांनी यंत्राकडे बोट दाखवले. आज आपल्या औषधशाळांतील यंत्रे समजून घेण्यासाठी हाच दृष्टांत उलट दिशेने वाचण्याची आवश्यकता आहे.

विषयाचे प्रयोजन

औषधी द्रव्ये आणि सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील परिशिष्ट ‘टी’ सन २००० मध्ये लागू झाले. विक्रीसाठी आयुर्वेदिक औषधे बनविणाऱ्या प्रत्येक औषधशाळेला त्यामुळे उत्तम निर्मिती पद्धतीचे बंधन आले. केवळ आपल्या रुग्णांना देण्यासाठी औषध सिद्ध करणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांना यातून सूट आहे. प्रत्येक यंत्राची स्वच्छता, देखभाल आणि कार्य यांची कार्यपद्धती लेखी असावी, अशी त्यात स्पष्ट अपेक्षा आहे. प्रत्यक्षात ही कार्यपद्धती पुष्कळदा फाईलमध्येच राहते.

देखभालीतील चुकीची किंमत केवळ दुरुस्तीच्या बिलात मोजता येत नाही. पल्व्हरायझरची जाळी एका कोपऱ्यात फाटली, तरी यंत्र चालतच राहते. मात्र भरड कण आणि तुटलेल्या तारांचे तुकडे चूर्णात उतरतात. ड्रायरचा तापमापक दहा अंश कमी दाखवू लागला, तर सुगंधी द्रव्यांतील उडनशील तेल निघून जाते आणि नोंदवहीत मात्र सर्व काही यथायोग्य दिसते. गोळी यंत्राचे पंच व डाय झिजले की गोळीचे वजन आणि काठिण्य बदलते. निर्यातीच्या निव्वळ वनस्पतिजन्य औषधांसाठी २००६ पासून शिसे, पारा, कॅडमियम व आर्सेनिक या चार धातूंची चाचणी अनिवार्य झाली. झिजलेल्या हातोड्यांतून आलेले लोखंड या चारांत मोडत नाही. ते पकडण्यासाठी चूर्णाच्या वाटेत चुंबक बसवावा लागतो आणि जाळी प्रत्येक घाण्यापूर्वी व घाण्यानंतर डोळ्यांनी पाहावी लागते.

पहिली पद्धत : बिघाडानंतरची दुरुस्ती

यंत्र बंद पडले की मिस्त्रीला बोलवायचे, ही सर्वांत जुनी रीत. ती सर्वथा त्याज्य नाही. स्वस्त, सहज मिळणारा आणि औषधाच्या गुणवत्तेशी संबंध नसलेला भाग, उदाहरणार्थ गोदामातील दिवा, बिघडल्यावर बदलणेच शहाणपणाचे. परंतु क्वाथाच्या वाफपात्राला किंवा चूर्णयंत्राला हा न्याय लावणे म्हणजे केवळ आतुराच्या विकारप्रशमनावर थांबणे होय. स्वस्थाचे स्वास्थ्यरक्षण हे आपल्या शास्त्राचे पहिले प्रयोजन त्यात सुटून जाते.

दुसरी पद्धत : कालबद्ध देखभाल

ठरावीक दिवसांनी किंवा ठरावीक तास चालल्यावर वंगण देणे, पट्ट्यांचा ताण पाहणे, मापक यंत्रांचे अंशशोधन करून घेणे, ही यंत्रांची दिनचर्या होय. तिला ऋतुचर्येची जोड हवी. नवी मुंबईत हे विशेष जाणवते. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा एका बाजूस पारसिकचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूस ठाण्याची खाडी यांच्यामध्ये वसला आहे. खाडीकडून येणारी क्षारयुक्त हवा आणि पावसाळ्यातील दमटपणा यांमुळे साधे पोलाद लवकर गंजते आणि विद्युत्‌ जोडण्यांवर थर धरतात. येथील औषधशाळेने जून उजाडण्यापूर्वी पुढील कामे उरकावीत.

१. विद्युत्‌ पॅनेलची दारे व रबरी पट्ट्या तपासाव्यात. अर्थिंगचे मापन करून घ्यावे.

२. बंद राहिलेली मोटार सुरू करण्यापूर्वी तिच्या वेष्टनाचा रोध मेगरने तपासावा.

३. वापरात नसलेले पंच व डाय पुसून, तेलाचा हात देऊन बंद पेटीत ठेवावेत आणि वापरण्यापूर्वी ते तेल पूर्ण काढावे.

४. क्षार, गुग्गुळ यांसारखी ओलावा धरणारी द्रव्ये हाताळणाऱ्या खोलीतील आर्द्रता रोज नोंदवावी. ओलसर चूर्णाने जाळी बुजते आणि यंत्रावर अतिभार येतो.

तिसरी पद्धत : लक्षणांवरून निदान

तारखेपेक्षा यंत्राची अवस्था पाहून निर्णय घेणे, हे या पद्धतीचे सूत्र. सुश्रुताचार्यांनी वर्णिलेल्या षट्क्रियाकालाशी तिचे साम्य विलक्षण आहे. बेअरिंगचे उदाहरण घेऊ. वंगण सुकू लागते आणि सूक्ष्म भेगा पडतात, तो संचय. तो केवळ अतिसूक्ष्म ध्वनी टिपणाऱ्या उपकरणाला कळतो. कंपनमापकाचा आकडा वाढतो, तो प्रकोप. झिजलेले कण वंगणातून सर्वत्र पसरतात, तो प्रसर. दोष एका जागी घर करतो आणि अनुभवी कामगाराला आवाजातील फरक जाणवतो, तो स्थानसंश्रय. आवाज सर्वांना ऐकू येतो आणि आवरण तापते, ती व्यक्ती. बेअरिंग जाम होऊन दांडाही खराब होतो, तो भेद. ही जुळणी अर्थातच दृष्टांतापुरती आहे. तिचा बोध मात्र खरा आहे : पहिल्या तीन अवस्थांत काम भागले तर खर्च थोडा आणि वेळ आपल्या सोयीचा, शेवटच्या अवस्थेत दोन्ही हाताबाहेर जातात.

अतियोगाचा दोष

देखभाल जितकी अधिक तितकी चांगली, हा समजही तपासून घ्यावा. अमेरिकेतील युनायटेड एअरलाइन्सचे नोलन व हीप यांनी १९७८ मध्ये विमानांच्या देखभालीवर अहवाल सादर केला. अभ्यासलेल्या घटकांपैकी सुमारे ११ टक्के घटकांनाच ठरावीक वयानंतर बदलण्याचा लाभ होण्याजोगा होता. सुमारे ६८ टक्के घटकांत बिघाडाची शक्यता नवीन असतानाच अधिक आढळली. विमानाचे आकडे औषधशाळेला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. तरीही नीट चाललेले यंत्र विनाकारण उघडल्यास जोडणीत नवा दोष शिरतो, हे तत्त्व सर्वत्र खरे आहे. अयोगाइतकाच अतियोगही रोगाचे कारण ठरतो, हे वैद्यांना निराळे सांगावयास नको.

परिचारकाचे स्थान

चिकित्सेच्या चार पादांत परिचारकाला स्थान आहे. यंत्राचा परिचारक म्हणजे त्यावर रोज उभा राहणारा कामगार. जपानमध्ये सेइइची नाकाजिमा यांनी प्रसार केलेल्या सर्वसमावेशक देखभालीच्या पद्धतीत याच व्यक्तीला केंद्रस्थानी आणले. टोयोटा समूहातील निप्पॉनडेन्सो या कंपनीने ती अंगीकारली आणि १९७१ मध्ये तिला त्यासाठी गौरविण्यात आले. स्वच्छता, वंगण आणि बोल्ट घट्ट करणे ही कामे चालकाने स्वतः करावीत, तंत्रज्ञाने अवघड कामांकडे लक्ष द्यावे, असा हा विभाग आहे. पुसताना हात सर्वत्र फिरतो, म्हणून स्वच्छता हेच पहिले परीक्षण ठरते. मात्र चालकाने “आवाज वेगळा येतो” असे सांगितल्यावर “माल आधी निघू दे” असे उत्तर मिळत असेल, तर तो पुन्हा सांगणार नाही. आणि औषधशाळेचा सर्वांत स्वस्त व सर्वांत कुशल निदानकर्ता मुका होईल.

उपसंहार

लहान औषधशाळेने महागड्या उपकरणांपासून आरंभ करण्याचे कारण नाही. प्रत्येक यंत्राचा एक केसपेपर ठेवावा. त्यात यंत्राची प्रकृती, म्हणजे निरोगी अवस्थेतील आवाज, तापमान व विद्युत्‌प्रवाह, प्रथम नोंदवावी. प्रकृती ठाऊक नसेल तर विकृती कशी ओळखणार? मग प्रत्येक बिघाडाचा हेतू, लक्षणे आणि केलेला उपचार तारखेसह लिहावा. वर्षभराच्या नोंदींवरून कोणत्या भागाला कोणती पद्धत लावावी, हे आपोआप स्पष्ट होईल.

ज्या वैद्यांची स्वतःची औषधशाळा नाही, त्यांनीही आपण लिहून देतो ते औषध जेथे बनते, तेथे एकदा अवश्य जावे आणि चूर्णयंत्राची जाळी मागच्या वेळी कोणी व कधी पाहिली, एवढेच विचारावे. उत्तरासाठी नोंदवही उघडली गेली तर समाधान मानावे. उत्तर केवळ आठवणीतून आले, तर आपल्या रुग्णाच्या हाती जाणाऱ्या पुडीविषयी पुन्हा विचार करावा.